शैलाताईची राहून गेलेली तपासणी

मुलुंडहून अवेळी फोन आला की मी हातातलं काम टाकून धावायचे. सहा वर्षं धावायचे. भावोजींना दोन स्टेंट बसवल्यापासून त्या घरातला प्रत्येक फोन घेताना मला 'झालं वाटतं' असंच वाटायचं, आणि पलीकडून माझी थोरली बहीण शैलाताई शांतपणे विचारायची, "मीने, तुझ्याकडे ज्वारी कुठली गं? माझी भाकरी थापताना फाटतेय." त्या मंगळवारी सकाळी साडेदहाला फोन वाजला तेव्हा पलीकडे भावोजी होते. म्हणाले, "मीना, शैला उठत नाहीये गं." मला कळलंच नाही. मी विचारलं, "कुठून उठत नाहीये?" कुठेतरी रुसून बसली असेल असंच आधी डोक्यात आलं. सकाळी साडेदहाला ताई आडवी झालेली असू शकते, हे माझ्या कल्पनेत बसणारं नव्हतं.

बोरिवलीहून मुलुंडला पोचेपर्यंत रिक्षात मी तिला मनातल्या मनात झापत होते. 'आता तरी ऐकशील ना? आता तरी तपासून घेशील ना?' ही सगळी वाक्यं जुळवून तयार होती. हॉस्पिटलच्या दारात भावोजी घरातल्या चपलांवरच उभे होते, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. त्यांनी नुसती मान हलवली. माझी वाक्यं तशीच राहिली... आज सात आठवडे झाले, अजून तशीच आहेत. लोक सांगतात, लिही, म्हणजे मन हलकं होईल. म्हणून लिहायला बसले, तर आठवणींच्या आधी रागच येतोय. जिने एका माणसाचं हृदय सहा वर्षं तळहातावर सांभाळलं, तिने स्वतःच्या हृदयाकडे ढुंकूनही पाहू नये? रडू नंतर येतं. आधी चिडच येते.

आमचं मूळ गाव मालवणजवळचं, पण वाढलो भांडुपला. बाबा गिरणीत होते आणि गिरणी बंद झाली तेव्हा ताई नुकतीच बी.एस्सी. झाली होती. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधांच्या कारखान्यात ती लागली, आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच क्वालिटी कंट्रोलमध्ये राहिली. गोळीचं वजन, पट्टीवरची तारीख, बाटलीचं झाकण, सगळं तिच्या नजरेखालून जायचं. ती नजर तिने घरीही आणली. बिस्किटाचा पुडा असो की लोणच्याची बरणी, आधी मागची बारीक अक्षरं वाचायची. लग्नाच्या पंगतीत पाण्याची बाटली हातात आली तरी हिचं वाचन सुरू. मी म्हणायचे, "अगं, पाणी आहे ते!" त्यावर ती म्हणायची, "म्हणूनच बघतेय. पाण्यात लिहिण्यासारखं एवढं काय आहे?" अशी बाई. तोंडाने फटकळ, हाताला उरक भारी, आणि आपलंच खरं करणारी. चिडली की मालवणीवर यायची, आणि मग तिच्यासमोर कुणाचं काही चालायचं नाही.

भावोजींचा स्वभाव नेमका उलटा. पोस्टात होते. शांत, हसतमुख, खाण्याचे शौकीन. तळलेले बोंबील, सुक्या जवळ्याची चटणी, जेवताना पानात काहीतरी कुरकुरीत, मग मध्यरात्र उलटेपर्यंत टीव्ही. घोरणं असं की शेजारचे सकाळी जिन्यात चौकशी करायचे. एक दिवस भाजी आणताना बाजारातच छाती धरून बसले. नशिबाने वेळेत नेलं. दोन स्टेंट टाकून घरी आले, आणि दुसऱ्या दिवसापासून घराचा ताबा क्वालिटी कंट्रोलने घेतला.

तिने काय काय केलं हे मी सांगितलंच पाहिजे, कारण त्यातलं एकही चुकीचं नव्हतं. महिन्याचं तेल एकाच बाटलीत काढून ठेवायचं आणि ती संपली की संपली. पिठात मीठ बंद. पापड, लोणचं, सुकी मासळी बंद. कोकणातल्या घरात सुकी मासळी बंद, म्हणजे काय ते कोकणातल्यांनाच कळेल. ताजा बांगडा चालू, पण तव्यावर नाही, कालवणात. ताटात निम्म्या भाज्या, एक उसळ, ज्वारी-नाचणीची भाकरी, मूठभर शेंगदाणे, जवसाची चटणी. भावोजी पहिले दोन महिने ताटाकडे असं बघायचे की मलाच दया यायची. "शैला, ह्या आमटीत मीठ राहिलंय," ते म्हणायचे. "रवला नाय, घातलाच नाय," ती मालवणीत म्हणायची, "गप जेवा." तिसऱ्या महिन्यापासून त्यांना तीच आमटी आवडायला लागली. आता बाहेरचं त्यांना खारट लागतं.

बाटल्यांचा किस्सा तर आमच्या नात्यात सगळ्यांना पाठ आहे. आजारी माणसाला बघायला येणारा प्रत्येक जण काहीतरी घेऊन यायचा. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, लसणाच्या गोळ्या, कुठलासा अर्क, कसलं तरी चूर्ण, आणि एक 'हृदयाला चांगलं' म्हणून आणलेलं निराळं मीठ. ताईने सगळं एका कापडी पिशवीत भरलं आणि हृदयरोगतज्ज्ञांच्या टेबलावर ओतलं. म्हणाली, "ह्यातलं कुठलं कुठल्या गोळीशी भांडेल, तेवढं सांगा." डॉक्टरांना हसू आलं, पण त्यांनी एकेक बाटली उचलून नीट सांगितलं. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, तेव्हा लसणाच्या गोळ्या आणि तो अर्क नको, रक्तस्राव वाढू शकतो. ह्या मिठात पोटॅशियम आहे, तुमच्या बीपीच्या औषधाबरोबर तेही नको. कॅप्सूलची गरज वाटत नाही, बांगडा खाताय तो खा. मग वर्षभराने सोसायटीच्या हॉलमध्ये टाय लावलेला एक जण रक्तवाहिन्या साफ करणारी पावडर विकायला आला, तेव्हा ताई उभी राहिली. "ह्यात काय किती आहे?" "मॅडम, बावीस वनस्पतींचं सीक्रेट मिश्रण आहे." "सीक्रेट कोणापासून? माझ्या नवऱ्याच्या लिव्हरपासून?" हॉल हसला, आणि पावडर तशीच परत गेली.

झोपेचंही तिनेच शोधून काढलं. भावोजी घोरता घोरता मध्येच गप्प होतात आणि मग दचकून श्वास घेतात, हे तिने मोजून, वहीत लिहून डॉक्टरांना दाखवलं. झोपेची तपासणी झाली, तोंडावर मास्क लावून झोपायचं मशीन आलं. दहाला दिवे बंद, मोबाइल बाहेरच्या खोलीत, दुपारी चारनंतर चहा नाही. भावोजींचा सकाळचा थकवा गेला, बीपी उतरलं. डॉक्टर इतर पेशंटना सांगायचे, "ह्यांच्या मिसेसकडून शिका."

आणि ह्या मिसेस? दहाला नवऱ्याला मास्क लावून, मशीनचा आवाज एका लयीत आला की उठायच्या आणि राहिलेली कामं काढायच्या. पहाटे पाचच्या आत पुन्हा ओट्याशी. मी विचारलं, "तू झोपतेस किती तास?" तर म्हणाली, "मला पुरते." कशावरून पुरते? कुठल्या वहीत लिहिलंय? नवऱ्यासाठी ताजी भाकरी, आणि स्वतः कालची उरलेली पोळी, कालच्याच भाजीबरोबर. सगळ्यात कहर म्हणजे कुणी गावाहून खाजा, पापड, सुकट आणली की ती हीच संपवायची. मी एकदा स्वयंपाकघरात शिरले तर ही उभ्याउभ्या डब्यातली सुकट चटणी खातेय, कोरड्या भाकरीबरोबर. "ताई, हे काय?" "घरात ठेवली तर हे खातील ना. म्हणून संपवतेय." मी म्हटलं, "मग टाकून दे!" तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी अघोरी बोलले होते. "अन्न टाकू?" म्हणजे जे विष म्हणून नवऱ्यापासून लपवायचं, ते स्वतःच्या पोटात लपवायचं. ह्याला काय म्हणायचं, मला आजही कळत नाही.

तिला बीपी आहे हे कळलं तेही भावोजींमुळे. त्यांच्या तपासणीला गेलेली असताना नर्सने सहज हिच्या दंडाला पट्टा गुंडाळला, दोनदा मोजलं, आणि डॉक्टरांना बोलावलं. गोळी लिहून दिली, शिवाय रक्ताच्या आणि हृदयाच्या तपासण्या करा म्हणून सांगितलं. गोळी ती डोकं दुखलं की घ्यायची. हो, बीपीची गोळी, डोकं दुखलं की! उभा जन्म औषधांच्या कारखान्यात काढलेली बाई. मी ओरडले तेव्हा म्हणाली, "मीने, माका काय होवचा नाय. आपल्या घरात कुणाक हार्टचा हा काय?" खरंच नव्हतं. आई गेली ती नव्वदीला टेकून. तेवढ्या एका गोष्टीवर तिने बाकी सगळं टांगून ठेवलं होतं.

गेल्या दिवाळीनंतर मी शेवटी तिच्या नावाने स्वतः अपॉइंटमेंट घेतली. ईसीजी, इको, ट्रेडमिलवरची तपासणी, रक्त, सगळं. त्या दिवशी माझ्या सुनेला दवाखान्यात न्यायचं होतं म्हणून मला जाता आलं नाही, पण सकाळी दोनदा फोन करून ताई निघाल्याची खात्री केली. संध्याकाळी विचारलं, "झालं का?" "झालं की. सगळं नॉर्मल आलं." मला एवढा आनंद झाला की मी देवापुढे दिवा लावला. म्हटलं, इको कसा वाटला, गार लागतं ना ते जेल? तर म्हणाली, "मला काय माहीत? ह्यांचं करून घेतलं. ह्यांची वर्षाची तपासणी आलीच होती जवळ, अपॉइंटमेंट कशाला फुकट घालवायची?"

मी फोन आपटला. पंधरा दिवस बोलले नाही. तिनेच मग भाजणीचा डबा पाठवून दिला, डब्यावर चिठ्ठी: 'राग गिळ, भाजणी खा. मीठ कमी आहे.' आणि मी हसले. तिथेच चुकलं. हसायला नको होतं. दुसऱ्या दिवशी मुलुंडला जाऊन तिला हाताला धरून न्यायला हवं होतं. पण आपण काय करतो, आपलं माणूस गमतीशीर वागलं की त्याचा किस्सा करतो आणि चारचौघांत सांगतो. मीही सांगितला. सगळे पोट धरून हसले.

त्यानंतर तीन-चार महिन्यांनी तिची कुरकुर सुरू झाली. जबडा दुखतो. दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आली, दात ठणठणीत होते. पाठीत खांद्याच्या दोन फऱ्यांच्या मध्ये भरून येतं. जिने चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबायची आणि तिथल्या शेजारणीशी उगाच गप्पा मारायची, हे मला त्या शेजारणीनेच नंतर सांगितलं. "आम्हाला वाटायचं, शैलाताईंना आता बोलायला वेळ मिळतोय..." मला ताई एवढंच म्हणाली, "हल्ली दमायला होतं गं, आंघोळ करूनसुद्धा." मी शाळेत विज्ञान शिकवायचे. सातवी-आठवीच्या मुलांसमोर वर्षानुवर्षं फळ्यावर हृदय काढलं, चार कप्पे, निळा खडू, लाल खडू. त्या मी, विज्ञानाच्या निवृत्त शिक्षिकेने, बहिणीला काय सांगितलं? "तुला डी व्हिटॅमिन कमी असेल. मॅग्नेशियम घे, माझ्या पाठीला फरक पडला." नुसतं सांगितलं नाही, नेऊन दिलं. तिने चष्मा लावून बाटलीचं लेबल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, मान हलवली आणि म्हणाली, "बरी आहे कंपनी. घेईन." आणि घेतली. रोज, न चुकता, ठरल्या वेळी. सगळ्या जन्मात माझं पहिल्यांदा ऐकलं ते हे.

त्या मंगळवारचं भावोजींनी मला तुकड्यातुकड्यांत सांगितलं. सकाळी तिला घाम सुटला होता. मळमळतंय, ॲसिडिटी झाली म्हणाली आणि पाण्यात घालून काहीतरी प्यायली. भावोजींनी विचारलं, "डॉक्टरांना फोन करू का?" ती म्हणाली, "आधी नाश्ता करून घ्या, गोळ्या रिकाम्या पोटी नकोत." आणि ते बसले नाश्त्याला. तिने त्यांना उपमा वाढला, गोळ्या काढून दिल्या, आणि जरा पडते म्हणून आत गेली. हे ऐकून मी भावोजींवर जे ओरडले ते इथे लिहिण्यासारखं नाही. "तुम्ही उपमा खात बसलात? स्वतःला ॲटॅक येऊन गेलेला माणूस तुम्ही, घाम कसला असतो हे तुम्हाला कळलं नाही?" भावोजी म्हणाले, "मला आला तेव्हा छातीत कळ होती गं. तिला छातीत काहीच नव्हतं. आणि ती सांगेल ते करायचं, ही मला सवयच लागली होती, मीना." मी दिलेली मॅग्नेशियमची बाटली त्यांच्यामागे टीपॉयवर होती.

हॉस्पिटलमधल्या तरुण डॉक्टरबाईने आम्हाला नंतर समजावलं. बायकांमध्ये पुष्कळदा छातीत कळ येतच नाही. जबडा, पाठ, मळमळ, घाम, विनाकारण थकवा, असंच काहीतरी असतं आणि घरात ते ॲसिडिटीवर जातं. मग तिने विचारलं, "पेशंटची जुनी फाइल आणलीय का?" भावोजी माझ्याकडे बघायला लागले. घरी कपाटात सहा वर्षांच्या फाइली ओळीने लावलेल्या, वर्षवार, रंगवार. सगळ्या त्यांच्या. ताईच्या नावाचा त्या घरात एक कागद होता, बीपीच्या गोळीची चिठ्ठी, आणि तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर किराण्याची यादी.

पाचव्या आठवड्यात मी स्वतःची तपासणी करून घेतली. मुलगा म्हणाला, मी येतो. मी म्हटलं, ये, आणि मी दुसऱ्या कुणाला पाठवत नाहीये ना यावर लक्ष ठेव. फॉर्मवर एक प्रश्न होता: रक्ताच्या नात्यात कुणाला हृदयविकार? आजवर असल्या फॉर्मवर मी 'नाही' लिहीत आले. त्या दिवशी पेन तिथेच थांबलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, तिथे काही लिहायचं नसेल तर नुसती रेघ मारा." मी 'थोरली बहीण' असं लिहिलं, शेजारी वय लिहिलं. माझं बीपी वाढलेलं निघालं, कोलेस्टेरॉलही. घाबरण्यासारखं नाही, पण गोळी रोज घ्यायची, तेल-मीठ उतरवायचं, रोज तासभर चालायचं, सात तास झोपायचं. म्हणजे ताई भावोजींना जे सांगायची तेच सगळं. डॉक्टर सांगत होते आणि मी मनात म्हणत होते, माहितेय हो, सगळं माहितेय. आमच्या घरात हे सगळ्यांना माहितेय.

गेल्या रविवारी रिपोर्ट घेऊन मुलुंडला गेले. भावोजींनी जेवायला वाढलं. स्वतः केलेली उसळ, जरा कच्चीच होती. रिपोर्ट दोनदा वाचला. जेवण झाल्यावर म्हणाले, "जरा पड आतमध्ये. चेहरा उतरलाय तुझा." मी कधी त्यांच्या झोपायच्या खोलीत आडवी झाले नव्हते. कॉटवर भावोजींच्या बाजूची गादी खोल गेलेली, उशीला डोक्याएवढा खड्डा. भिंतीकडची ताईची बाजू मात्र सपाट होती, अगदी दुकानातून आणल्यासारखी, उशी फुगलेली. दोन्ही गाद्या एकाच दिवशी आणलेल्या, मी होते बरोबर. इतकी चीड आली की उशी उचलून भिंतीवर मारावीशी वाटली... मग तिच्याच बाजूला पडले. कधी डोळा लागला कळलं नाही.

जाग आली तेव्हा पाच वाजून गेले होते. पडदा कुणीतरी ओढून घेतला होता. बाहेर भावोजी पेपर घेऊन बसले होते, टीव्ही बंद, पंखासुद्धा हळू केलेला. मी चिडूनच म्हटलं, "अहो, उठवायचं नाही का? मला बोरिवली गाठायचीय!"

"मी कधी तिला म्हटलंच नाही गं, की जरा झोप," ते म्हणाले. आणि चहा ठेवायला उठले.